उत्तरेकडचा गोल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

१४ डिसेंबर १९९७. रविवार. उज्जैन, नानाखेड्याच्या पुढचं फुटबॉलचं मैदान.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दिवसाढवळ्या घडली. दोन हजार माणसांसमोर.

जिच्या बाबतीत घडली ती माझी आत्या, अहल्या. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची आणि उरलेल्या वेळात फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफरी असायची. सुरुवातीला लोक हसायचे. "बाई सीटी बजाएगी और मर्द नाचेंगे क्या?" आत्या तोंडाने उत्तर द्यायची नाही. कार्ड दाखवायची.

इंदूर, भोपाळ, कलकत्ता. परीक्षा, पळण्याच्या चाचण्या, जनरलच्या डब्यात काढलेले प्रवास... बारा वर्षांनी तिच्या खिशावर आंतरराष्ट्रीय रेफरीचा बिल्ला लागला. पुढच्याच आठवड्यात ती मलेशियाला निघणार होती. देशाबाहेरची पहिली मॅच.

त्याआधी गावाने मोठ्या हौसेने तिला आपली फायनल दिली.

त्या वर्षी थाट वेगळाच होता. मैदानाभोवती कोल्ड्रिंक कंपनीचे बॅनर, केबलवाल्याचा कॅमेरा, बक्षीस म्हणून कलर टीव्ही. तीन बाजूंना माणसंच माणसं.

पश्चिमेची बाजू मात्र रिकामी.

तिथे कोणी बसलं नव्हतं. शेंगदाणेवालासुद्धा तिकडे फिरकत नव्हता...

मॅचच्या आधी स्पर्धेचे सेक्रेटरी अरविंदराव तिच्या खोलीत आले. दार ओढून घेतलं.

"अहल्याबाई, एक गोष्ट आहे. उत्तरेकडच्या गोलात बॉल गेला, तर ऑफसाइड देऊन टाका."

"म्हणजे?"

"फायनलला तिकडचा गोल कोणी देत नाही. दोन्ही टीमना ठाऊक आहे. कोई झगड़ा नहीं करेगा."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी अशाच फायनलला पश्चिमेच्या रेषेवर माणिकराव नावाचे लाइन्समन होते. उत्तरेकडे गोल झाला, त्यांनी ऑफसाइडची झंडी वर केली. रेफरीने तिकडे बघितलंच नाही. गोल दिला. लोक मैदानात घुसले, नाचले, मिरवणूक काढली. माणिकराव तसेच उभे होते. झंडी वर.

उभ्या उभ्याच कोसळले. झंडी त्यांच्या मुठीतून सोडवता आली नाही. तशीच चितेवर गेली.

"त्यानंतर दोघा रेफरींनी तिकडचा गोल दिला," अरविंदराव हळूच म्हणाले. "एकाची वाचा गेली. दुसरा त्याच संध्याकाळी देवास गेटला स्कूटरवरून पडला, पाय कायमचा गेला. तुम्हाला आठ दिवसांनी बाहेर जायचंय. कशाला रिस्क?"

आत्या बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तिकडे जाळी कशाला लावता?"

अरविंदराव दार उघडून निघून गेले.

चारला मॅच सुरू झाली. पश्चिमेच्या रेषेवर अनिल होता. वीज मंडळात कामाला, आत्याचा जुना साथीदार. पन्नासेक मॅच दोघांनी बरोबर केल्या होत्या.

पहिल्या हाफमध्ये काहीच झालं नाही. गोलही नाही.

हाफटाइमला अनिल पाणी प्यायला आला. चेहरा उतरलेला.

"ताई, माझ्या मागे कोणाला तरी उभं केलंय का?"

"नाही. का रे?"

"मी पळालो की मागे कोणीतरी पळतंय. मी थांबलो की थांबतंय..."

"बघितलंस?"

"वळून बघितलं. कोई नहीं है."

आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू रेषेवर लक्ष दे. बाकी मी बघते."

दुसरा हाफ. ऊन उतरलं होतं, सूर्य पश्चिमेच्या रेषेमागे आला होता. घड्याळात पाच वीस.

मधल्या फळीतून एक लांब पास निघाला. उत्तरेकडे. विंगर पळाला. पास निघाला त्या क्षणी तो डिफेंडरच्या हातभर मागे होता, म्हणजे ऑफसाइड नव्हता. आत्याने ते स्वच्छ पाहिलं.

बॉल जाळीत.

तिने सवयीने अनिलकडे नजर टाकली. त्याची झंडी खाली होती. तो मधल्या रेषेकडे पळत होता, म्हणजे गोल बरोबर.

आणि त्याच्या मागे...

दुसरी झंडी वर होती.

विटलेली लाल झंडी. पांढरी हाफ पँट. सूर्य पाठीशी असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता. अनिलची सावली लांबच लांब मैदानात पडली होती.

त्या दुसऱ्याची पडली नव्हती.

वारा अजिबात नव्हता. तरी झंडी फडफडत होती. आणि तेवढाच एक आवाज होता... दोन हजार माणसांची तोंडं हलत होती, आवाज येत नव्हता.

आत्याने शिट्टी फुंकली.

वाजली नाही.

पुन्हा फुंकली.

नाही...

टेबलाजवळून अरविंदराव दोन्ही हात हलवून खुणा करत होते. ऑफसाइड! ऑफसाइड देऊन टाका!

 आत्या मागे सरली नाही. सरळ चालत पश्चिमेच्या रेषेपर्यंत गेली. पाच पावलांवर अनिल उभा होता. त्याला फक्त आत्याचं बोलणं ऐकू आलं.

"माणिकराव, तुमची झंडी मी पाहिली."

फडफड...

"त्या दिवशी रेफरीने पाहिली नाही, ते चुकलं. तुमच्यावर अन्याय झाला. पण त्याची भरपाई या पोरांनी का करायची? पोरगा मागे होता. झंडी खाली घ्या."

झंडी खाली आली नाही. गारठा वाढला. आणि अगदी कानाशी, कोरड्या घशातून यावा तसा शब्द आला...

"ऑफसाइड."

"नाही," आत्या म्हणाली. "लाइन्समन सांगतो. निर्णय रेफरीचा असतो. गोल आहे."

तिने माणिकरावांकडे पाठ फिरवली. आयुष्यात तेवढं अवघड काही केलं नाही, असं ती म्हणते. हात मधल्या वर्तुळाकडे केला आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "गोल!"

सगळा आवाज एकदम परत आला. शिट्ट्या, टाळ्या, ढोल.

आणि त्या गदारोळात अनिलची किंकाळी.

ती वळली. रेषेवर अनिल एकटाच होता. त्याचा उजवा हात ताठ वर गेला होता. हातात झंडी.

"ताई, मी नाही उचलली... मी नाही उचलली!"

आत्याने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ओढलं. मनगट बर्फासारखं होतं. मोठ्या मुश्किलीने हात खाली आला...

तो पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

उरलेली मॅच अनिलच्या जागी राखीव लाइन्समनने केली. गोल कायम राहिला, त्याच गोलवर निकाल लागला. आत्या ठरल्याप्रमाणे मलेशियाला गेली, पुढे आणखी सात देशांत गेली. उत्तरेकडे नंतरच्या फायनलना खुशाल गोल झाले. कोणाला काही झालं नाही. पश्चिमेला आता लोक बसतात.

अनिलला इंदूरला दाखवलं, मुंबईला दाखवलं. डॉक्टर म्हणतात, हातात काही दोष नाही.

आत्या दर महिन्याला त्याच्याकडे जाते. तो डाव्या हाताने चहा देतो. एकदा मी बरोबर होतो.

"ताई, गोल होता ना?" त्याने विचारलं.

"होता."

"मग झालं तर," तो हसून म्हणाला.

 परतताना आत्या रस्त्यातच थांबली.

"एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही," ती म्हणाली. "मी 'नाही' म्हटलं ना, तेव्हा माणिकरावांनी माझ्यावरची नजर काढली. हळूच मान वळवली... अनिलकडे. मला ते दिसलं होतं. पाठ मी त्यानंतर फिरवली."

ती पुन्हा चालू लागली.

"गोल होता रे," ती म्हणाली. "आज परत झाला, तर आजही देईन."

आवाज ठाम होता. पण माझा दंड तिने इतका घट्ट धरला होता, की घरी येईपर्यंत सोडला नाही.