चाळीस मिनिटं झाली, सर

हे खरं आहे. चौकशी समितीसमोरही मी खरंच बोललो होतो, तेव्हा कुणी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका.

मंगळवार, दुपारचे अडीच. ऑपरेशन थिएटर नंबर चार.

टेबलावर नऊ दिवसांची मुलगी. महाधमनी जन्मतःच मध्ये तुटलेली, हृदय अक्रोडाएवढं. हार्ट-लंग मशीन मी चालवायचो. अशा बाळाचं अंग अठरा डिग्रीपर्यंत थंड करतात, मग मशीनही बंद. रक्त थांबतं... आणि सर टाके घालतात. मेंदू फार वेळ तग धरत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगायची. ते माझं काम.

"चाळीस मिनिटं झाली, सर. रक्त सुरू करू?"

"थांब रे. दोनच टाके राहिलेत."

पंचेचाळीसला ओरडलो. पन्नासला ओरडलो.

बाळ शुद्धीवर आलंच नाही.

सर मला धाकटा भाऊ म्हणायचे. अहवालात त्यांनी लिहिलं, 'वेळ सांगितली गेली नाही.' शेजारच्या सिस्टरने सगळं ऐकलं होतं, पण समितीपुढे ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. केसाने गळा कापला दोघांनी.

माझी रवानगी तळघरातल्या स्टोअरमध्ये. हातमोजे मोजायला.

पुढच्याच मंगळवारी सिस्टर धावत खाली आली. चेहरा पांढराफटक.

"तू वर आला होतास?"

"मी? सकाळपासून इथंच आहे."

"अरे, मशीन बंद केलं, सगळे चिडीचूप... आणि तुझा आवाज आला. 'चाळीस मिनिटं झाली, सर.' सगळ्यांनी ऐकला! सरांच्या हातातली सुई पडली."

"आणि बाळ?"

"लगेच रक्त सुरू केलं. वाचलं."

तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच. महिन्याभराने सर स्वतः तळघरात आले. दार लोटून घेतलं.

"बंद कर हे. हात जोडतो तुला."

"मी तिथे नसतो, सर."

"मग कोण असतं?"

"आधी अहवालात खरं लिहा. मग विचारा."

ते दार उघडून निघून गेले. अजून लिहिलेलं नाही. त्यांचा मला राग येतो, पण त्याहून जास्त मला माझीच भीती वाटते.

कारण एक गोष्ट मी सिस्टरला सांगितली नाही. त्या मंगळवारी ती खाली यायच्या आधीच माझा घसा बसला होता. आणि सकाळपासून मी कुणाशी चकार शब्द बोललो नव्हतो.

आज पुन्हा मंगळवार आहे. अडीच वाजत आलेत...

घसा आत्ताच खवखवायला लागलाय.