गडूतलं पाणी

झोपेचं खोबरं होणं म्हणजे काय, ते चिमाजीला विचारावं. पहाटे टेम्पो घेऊन नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात जायचं, सकाळी मखमलाबादच्या मळ्यात परतायचं आणि जेवून दुपारी काय ती झोप काढायची. त्या झोपेतही श्वास अडकून तो सारखा दचकून उठे. श्रावणात टेम्पो चालवतानाच डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. शेजारी सून सुवर्णा बसलेली. खरचटण्यावर निभावलं, पण मुलगा महेश म्हणाला, "अण्णा, एक तर नीट झोपा, नाय तर किल्ली माझ्याकडं द्या." महेश नाशिक रोडला नोकरीला. किल्ली त्याच्याकडे गेली म्हणजे टेम्पो विकला आणि बाजारातली जागाही गेली. तरुणपणापासून चिमाजी त्या जागेवर बसत आला होता.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं, झोपेत श्वास अडकू न देणारं मशीन आलं. उशाशी ठेवायचा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाक-तोंड झाकणारा मास्क. हवा ओलसर करायला डब्यात पाण्याची छोटी टाकी. मास्क लावून श्वास घेतला की मशीन आपोआप सुरू होई, काढला की बंद.

सगळं झकास होतं, फक्त चिमाजीचं नाक आडवं आलं. ते गेल्या दिवाळीपासून चोंदलेलं. मशीन हवा ढकलायचं आणि ती नाकाच्या दारातूनच माघारी फिरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, वाफ घ्या, मशीनचा ओलावा वाढवा, टाकीत मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटरच घाला. चिमाजीने सगळं केलं. नाक धुताना ठसके खाल्ले, वाफेने तोंड भाजून घेतलं. नाक ढिम्म हललं नाही. रोज फुलांत बसून त्याला फुलांचा वास येत नव्हता. गिऱ्हाईक शेवंती नाकाशी धरून हुंगे, तेव्हा त्याला चक्क हेवा वाटे.

एका दुपारी पाण्याची बाटली रिकामी निघाली. सुवर्णा खुडणीला गेलेली, मेडिकल लांब, अंगात उभं राहायचं त्राण नाही. बोअरचं पाणी खारट. शुद्ध पाणी म्हटल्यावर त्याला देव्हाऱ्यातला गडू आठवला.

गडू नवसाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. गेल्या सिंहस्थात तिने तो रामकुंडावर भरून, तोंडाला लाख लावून ठेवलेला. माणूस जाताना तोंडात घालायचं गंगेचं पाणी. "दोघांना पुरंल एवढं हाय," म्हणाली होती. तिला ते मिळालंच नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच दुपारी, ह्याच पलंगावर, त्याच्या डाव्या हाताला ती झोपेत गेली आणि चहाची वेळ होईपर्यंत कोणाला कळलं नाही. त्याच्या घोरण्यापुढे काय ऐकू येणार होतं? ह्याचं त्याला वाईट वाटे, फार वाटे. पण त्या दुपारी त्याला फक्त झोप हवी होती. त्याने सुरीने लाख उकरली आणि गडू टाकीत रिता केला.

मास्क लावला. मशीन सुरू झालं आणि नाक सुटलं. आधी उजवी नाकपुडी, मग डावी. गार हवा सरळ छातीत उतरली आणि तिच्याबरोबर वास आला, मिश्रीचा. तव्यावर नुकत्याच भाजलेल्या मिश्रीचा. नवसाबाई गेल्यापासून घरात मिश्री कोणी लावत नव्हतं. हे मनात येतंय तोवर त्याला झोप लागली.

उठला तो हलका होऊन. पुढे रोजच तसं होत गेलं. महेशने किल्लीचं नाव काढणं सोडलं. टाकीतलं पाणी मात्र कमी होत नव्हतं, रोज त्याच रेघेवर. चिमाजीने तिकडे बघणंच सोडून दिलं.

नांदगावला पाहुण्यांकडे बारसं होतं. तो सकाळी गेला, दिवेलागणीला आला. सुवर्णा अंगणात भांडी घासत होती.

"अण्णा, तुम्ही कवा उठून गेले? मला वाटलं, झोपलेत."

"मी तर सकाळीच गेलो. आत्ता येतोय."

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "मशीन चालू होतं दुपारी. म्हणून मी मिक्सर पण नाय लावला."

तो आत गेला. सकाळी खुंटीला अडकवलेला मास्क डाव्या उशीवर होता. आतली रबरी कड कोमट लागली.

चिमाजी घाबरला. त्याने मास्क साबणाने धुतला, खुंटीला टांगला आणि दोन दिवस मशीनला हात लावला नाही. नाक गच्च झालं. तिसऱ्या पहाटे पुलावर त्याची मान स्टिअरिंगवर कलली. मागच्याने हॉर्न दिला म्हणून वाचला.

त्या दुपारी त्याने मास्क स्वतःच डाव्या उशीवर ठेवला. बाजारात काट्यावर एकाचं तोलून होईस्तोवर दुसऱ्याने थांबावं, तसा तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. मशीन सुरू झालं. काही वेळाने थांबलं.

"झालं का तुझं?" त्याने विचारलं आणि मास्क लावला. नाक मोकळं झालं. मिश्रीचा वास आला. आता त्याला त्या वासाचं बरं वाटू लागलं होतं.

मग तोच नेम झाला. आधी ती, मग तो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात झेंडूचे ढीग लागले. पहाटे लवकर निघायचं होतं, गर्दीतून भरलेला टेम्पो न्यायचा होता. आज झोप हवीच होती. त्याने दार लोटलं, मास्क डाव्या उशीवर ठेवला आणि बसला.

मशीन सुरू झालं.

आज ते थांबेना.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. त्याची उजवी नाकपुडी बंद झाली. मग डावी. त्याने मास्ककडे हात नेला आणि मागे घेतला. तिचं पाणी एकदा राहिलं होतं. पुन्हा तिच्या तोंडचं कसं काढून घ्यायचं?

दाराबाहेर सुवर्णा फोनवर महेशशी बोलत होती, हळू आवाजात.

"हो, झोपलेत. श्वास ऐकू येतोय ना. लय शांत झोपलेत आज."

मी इथं बसलोय, असं त्याला म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं. हवा आत जाईना.

टाकीतलं पाणी रेघ सोडून तळाला चाललं होतं.