दोन कुलपांचं गोदाम

"ताई, मना मालक कालपाईन घर उना नही. त्यान्या चपला गोदामना दारजोडे शेतस. तुम्ही या."

ताईबाईचा फोन आला आणि दिपमाला तशीच निघाली. ताईबाईचा नवरा वना हा जळगावच्या एका डाळ मिलचा राखणदार. मिलमालक प्रेमराजशेठनी गोदामातली तूर तारण ठेवून बँकेचं कर्ज उचललेलं. अशा गोदामाला कुलपं दोन, एक मालकाचं आणि एक बँकेचं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार हलत नाही. बँकेतर्फे माल तपासायचं काम दिपमालाचं, पण आठवडाभर तिला आत पाऊल टाकता आलं नव्हतं. कीड मारायला गोळ्या ठेवल्यात, आतली हवा विषारी आहे, असा लाल फलक दारावर होता.

ती पोचली तेव्हा ताईबाई भिंतीला टेकून बसली होती. उंबऱ्याशी वनाच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. दिपमालाने फौजदार अभिमन यांना बोलावून घेतलं. बँकेची किल्ली घेऊन शाखाधिकारी धर्मेंद्र आले. पाठोपाठ प्रेमराजशेठ आले, सकाळच्या गारव्यातही घामाघूम.

कुलपं निघाली.

"सगळे लांब व्हा, आत विष आहे!" धर्मेंद्र ओरडले आणि स्वतः बूट वाजवत सरळ आत शिरले.

पोत्यांच्या थप्पीच्या पायथ्याशी वना पडला होता. डोक्यामागचं रक्त सुकून काळं झालं होतं.

"चोरी करायला वरच्या झरोक्यातून उतरला असणार," धर्मेंद्र म्हणाले. "वायूने भोवळ आली आणि पडला. करावं तसं भरावं."

"तो चोर नही शे!" ताईबाईचा आवाज फाटला. पण फाटकाशी हमाल जमले होते आणि चोर हा शब्द त्यांच्या कानी गेला होता. आता तो गावात तिच्याआधी पोचणार. नवरा तर गेलाच, त्याचं नावही जाणार होतं. दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती दाराजवळच्या पोत्याकडे टक लावून बघत राहिली. मग पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी परखी उचलून आत गेली. पुढच्या पोत्यातून तूर आली. मागच्या पोत्यांतून निघाला नुसता कोंडा.

"शेठ, गोळ्या कधी ठेवल्या?"

"आठवडा झाला."

"कोणी सांगितलं?"

शेठनी धर्मेंद्रकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ताईबाई, वना गोदामात कसा जायचा?"

"चपला काढीसन. दाणासवर जोडा पडाले नको, लक्ष्मी शे, आसं म्हने."

दिपमाला अभिमनकडे वळली. "साहेब, इथे गोळ्या ठेवल्याच नव्हत्या. ही कीड बघा, पोत्यावर खुशाल फिरतेय. आठवडाभर विष असतं तर एक किडा हलला नसता. फलक लावला तो मला बाहेर ठेवायला, म्हणजे आतली तूर काढून कोंडा भरता येईल."

"मग वना?"

"वना दारातून आत आला. झरोक्यातून उतरणारा चोर उंबऱ्याशी चपला काढून ठेवत नाही. दार उघडं होतं, म्हणजे दोन्ही किल्लीवाले इथेच होते. त्याने पोती बदलताना पाहिली आणि जीव गमावला. दार लावून घेताना चपला राहून गेल्या. बुटांनिशी धान्यात फिरणाऱ्याला त्या दिसणार कशा?"

"शेठच्या माणसांनी केलं असेल," धर्मेंद्र म्हणाले.

"बँकेची किल्ली तुमच्याकडे असते, साहेब. आणि असं गोदाम उघडल्यावर अर्धा दिवस वारा खेळू द्यायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. आज मात्र नाकाला रुमालही न लावता आत गेलात. आत विष नाही हे तुम्हाला ठाऊक होतं."

प्रेमराजशेठनी अभिमनपुढे हात जोडले. "मी हात लावला नाही! वना म्हणाला, बँकेच्या ताईंना सांगतो. धर्मेंद्रसाहेबांनी मागून परखी घातली डोक्यात."

धर्मेंद्र फाटकाकडे सरकले, पण अभिमननी दंड धरला होता.

दिपमाला ताईबाईपाशी बसली. "वना चोर नव्हता, ताईबाई. त्याने चोर धरले."

ताईबाईने डोळे पुसले नाहीत. "मले काय सांगस, माय? मले माहीतच व्हतं. गावमा चाल, चौकमा उभी ऱ्हाय नि बठ्ठा लोकेसले सांग."

दिपमाला उठली आणि ताईबाईच्या मागोमाग गावाकडे जाणाऱ्या रिक्षात जाऊन बसली.