चौदा नोव्हेंबरची नोंद

मुलीचा, लिदाचा परवाना नाकारल्याचं कळलं तेव्हा फाइनाला आधी हसूच आलं. बाहेरच्या माणसाला या शहरात पाऊल टाकायचं तर परवाना लागतो, मग ती पोटची पोर का असेना; आणि कचेरीच्या चुकांचं इथे कोणाला नवल! सव्वीस वर्षं वितळलेल्या तांब्याच्या भट्ट्यांवर क्रेन चालवलेली बाई असल्या कागदाला काय घाबरणार? कारखान्यातली पाळी संपवून ती तडक कचेरीत गेली. दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावर मिट्ट काळोख होता. ध्रुवाजवळच्या या शहरात डिसेंबरात सूर्य उगवतच नाही.

“अहो मावशी, मुलगी आलेलीच आहे, मग दुसरा परवाना कशाला?” खिडकीतली झोया म्हणाली. “चौदा नोव्हेंबरच्या विमानाने आली. मुक्काम तुमच्याकडे. परत गेल्याची नोंद नाही.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नऊ वर्षांत तोंड बघितलं नाही मी तिचं!”

झोयाने नोंद दाखवली. पासपोर्टचा क्रमांक लिदाचा. सहीसुद्धा लिदाचीच.

“मग लिहून द्या, ती तुमच्याकडे राहत नाही म्हणून. शेजाऱ्याचीही सही आणा. नोंद खोडते आणि उद्याच परवाना देते.”

समोरच्या दारातल्या तमाराने कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

“खोटं कसं लिहू गं? रोज जिन्यात भेटते की पोर. परवा माझी बटाट्यांची पिशवी वर आणून दिली तिने.”

“तमारा, लिदाला आठ दिवसांची रजा मिळालीय. ही संधी गेली तर ती कधी येणार, आणि मी तरी असेन का?”

तमाराने सही केली, पण फाइनाकडे न बघता.

फाइना घरी आली. दाराशी बुटांवरचं बर्फ वितळून पाणी साचलं होतं. तिचे बूट तर पायातच होते.

गेला महिनाभर सूप गरम असायचं, पाव कापलेला असायचा. आपणच विसरतो, वय झालं, अशी ती मनाची समजूत घालायची. खरं म्हणजे तिला बरं वाटायचं, आणि म्हणूनच तिने कधी नीट बघितलं नव्हतं.

तिने आपली सही करायला पेन उचललं.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

हात थांबला. मग तिने घाईघाईने सही केली.

“माफ कर गं पोरी,” ती बंद दाराकडे बघून पुटपुटली, “कोण असशील ती.”



तिने लिदाला फोन लावला. “सही झाली बरं का! उद्या परवाना मिळेल.”

“आता कशाला, आई? तिकीट रद्द केलं ना मी.”

“रद्द? का गं?”

“अगं, दहा मिनिटांपूर्वी याच घरच्या नंबरवरून फोन करून तूच नाही का म्हणालीस, नको येऊस, मला काही कमी नाही? आधी रागच आला मला.” लिदाचा आवाज हलका झाला. “पण किती हसत होतीस! नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, तू एकटी नाहीस.”