चक्कीवाल्याचा अर्धा पिक्चर

शुक्रवारी दिवेलागणीला तारा सक्करदऱ्याच्या बाजारात गेली. चहापत्ती, साखर आणि आल्याचा एक तुकडा, एवढंच घ्यायचं होतं. जून लागला तरी आभाळाचा पत्ता नव्हता आणि दिवसभर तापलेली नागपूरची जमीन चपलेतूनही तळव्याला लागत होती. रामाजी वाण्यानं पुडी बांधता बांधता सहज विचारलं की रातचे पिक्चर तर टीव्हीवाल्यांनी कधीचेच बंद केले, मग दर शुक्रवारी हा चहा कोणासाठी? तारा पुडी पिशवीत टाकत म्हणाली, घरी पाहुणे असतात. रामाजीनं बरं म्हणून मान हलवली. खोटं ती बोललीच नव्हती.

आता त्या शुक्रवारांचं तुम्हाला काय सांगावं! गल्लीत पहिला टीव्ही आला तो ताराच्या नवऱ्याकडे, गिरिधरकडे. लाकडी पेटीचा, समोर सरकती दारं असलेला, काळापांढरा. गिरिधर सरकारी कचेरीत कारकून. पगार बेताचाच, पण पिक्चरचं वेड असं, की बायकोचं डोरलं सोडून घरात जे विकता येईल ते विकून त्यानं तो आणला. रविवारी अख्खी गल्ली सतरंजीवर मावत नसे. शुक्रवारची गोष्ट निराळी. शुक्रवारी बातम्या संपल्या, बाकी दुनिया घोरायला लागली, की दिल्लीहून ते विचित्र पिक्चर लागत. परदेशातले, जुनेपुराणे, एखाद्यात माणूस स्वतःच्या सावलीलाच भिऊन पळतोय, एखाद्यात बाई अख्खा पिक्चरभर एक अक्षर बोलत नाही. शेजारचे चंपतराव एकदा मोठ्या हौसेनं येऊन बसले आणि अर्ध्यातच उठले. त्यांचं म्हणणं, यात मारामारी नाही, गाणं नाही, अहो धड उजेडसुद्धा नाही! ते पुन्हा फिरकले नाहीत.

राहिले दोघंच. गिरिधर आणि त्याचा लंगोटीयार विश्वनाथ, शाळेतला ड्रॉइंग मास्तर. विश्वनाथ पलीकडच्या गल्लीत एकटाच राहायचा, लग्न केलंच नाही बाबानं. दाढ दुखते म्हणून तोंडात कायम लवंग धरलेली. दोघं मूळचे सावनेरचे. लहानपणी जत्रेतल्या तंबूतले खेळ दोघांनी एकाच पोत्यावर बसून पाहिले, आणि तेव्हाच ठरवून टाकलं की पिक्चरचा शेवट पाहायचा तर दोघांनी मिळून. एकाला उठावं लागलं तर दुसऱ्यानंही उठायचं. एकट्यानं शेवट पाहणं म्हणजे बेईमानी. चाळिशी उलटली तरी हा पोरखेळ त्यांनी सोडला नव्हता.

शुक्रवारी दिवा बंद व्हायचा, दोन वेताच्या खुर्च्या टीव्हीपुढे यायच्या. मध्ये केव्हातरी तारा अंधारातच चहा न्यायची. दिवा लावला की दोघंही खेकसत, म्हणून ती अंदाजानं कप पुढे करायची आणि अंधारातून हात येऊन तो घ्यायचे. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टेकून तीही उभी राहायची. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण त्या पिक्चरमध्ये तिचं कधी अडलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही गोडी लागली होती. वरवर मात्र म्हणायची, काय वं बाई हे भूतंखेतं पाहणं!

माघ महिन्यात तो चक्कीवाल्याचा पिक्चर लागला. बर्फाचा मुलूख, उजाड माळ, आणि त्यावर वाऱ्यावर फिरणारी पिठाची चक्की. तिथं एक म्हातारा एकटा राहतो. रोज रात्री बर्फातून कोणीतरी त्याला नावानं हाक मारतं. म्हातारा कानांत कापूस कोंबतो, दाराला अडसर घालतो, पण जात नाही. बाहेर कोण आहे ते काही दाखवत नाहीत. नुसता वारा, आणि ती हाक. ताराच्या अंगावर काटा उभा राहिला होता.

पिक्चर संपत आला आणि विश्वनाथ छाती चोळत उठला. म्हणाला, बरं वाटत नाही, घरी जातो. गिरिधर लगेच उठला, त्यानं सायकल काढली, त्याला मागं बसवून पोचवायला गेला. टीव्ही चालूच राहिला. उंबऱ्यात एकटी तारा. पिक्चरचा शेवट त्या घरात तिनं एकटीनं पाहिला.

गिरिधर परत आला तेव्हा ती सांगणारच होती. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. "सांगू नको. विश्वनाथ बरा झाला की पाहू दोघं. पुन्हा लावतील कधीतरी."

पहाटे विश्वनाथ गेला.

दहाव्याला घाटावर पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर चढलं. भाऊबंदांनी एकेक करून हात जोडले; कोणी म्हणालं तुझं घर नीट ठेवू, कोणी म्हणालं तुझ्या रंगांच्या पेट्या शाळेला देऊ. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पिंडाकडे बघतही नव्हते. शेवटी गिरिधर पुढे झाला. डोळ्यांतून धार लागलेली. म्हणाला, "विश्वनाथ, त्या पिक्चरचा शेवट मी तुझ्याबिगर पाहणार नाही, ऐकणार बी नाही." तो मागं सरला नाही तोच कावळा पिंडावर उतरला. सगळ्यांनी सुटकेचा सुस्कारा टाकला. ताराला मात्र कसंसंच झालं.

त्यानंतर महिन्याभरात टीव्हीवाल्यांनी शुक्रवारचे पिक्चर बंदच केले. गिरिधरनं ऐकलंच नाही. शुक्रवार आला की दोन खुर्च्या मांडायच्या, दिवा घालवायचा आणि दिल्लीचा कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर ज्या मुंग्या येतात त्यांच्यापुढे बसून राहायचं. लावतील, आज लावतील, एवढंच म्हणायचा. पहिल्या शुक्रवारी त्यानं दोन कप चहा आणायला सांगितलं. तारानं निमूट आणला. दुःख आहे, उतरेल हळूहळू, असं तिनं मनाशी म्हटलं. सकाळी दोन्ही कप रिकामे होते.

चैत्रातल्या एका शुक्रवारी ती अंधारात चहा घेऊन गेली. एक कप पुढे केला, गिरिधरच्या हातानं घेतला. दुसरा ती नेहमीसारखा रिकाम्या खुर्चीच्या हातावर ठेवायला वाकली, आणि तो कोणीतरी घेतला. हलकेच, सवयीनं, जसा घेतात तसा. बोटं तिच्या बोटांना लागली. माठाच्या बुडाला हात लागावा तशी गार. लवंगेचा वास आला. ती जशीच्या तशी मागं पावलं टाकत उंबऱ्यापर्यंत आली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिली. मुंग्यांच्या उजेडात दोन डोकी दिसत होती. ती ओरडली नाही. ओरडून करणार काय? गेली इतकी वर्षं ज्याला चहा दिला, तोच चहा पीत बसला होता.

भीती तिला त्याची नव्हतीच म्हणा. विश्वनाथ भला माणूस, जन्मात कधी वर मान करून बोलला नाही. तिला घोर लागला तो नवऱ्याचा. गिरिधर दिवसेंदिवस वाळत चालला. भाकरी तशीच ताटात राहायची. कचेरीतून लवकर यायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा, रात्री चारचारदा उठून फाटकापर्यंत जाऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, झोप नाही येऊन राहिली. एकदा तिनं त्याचा हात धरला तर तोही गारच लागला. त्या दिवशी मात्र तारा मनातून हादरली. आपला नवरा हातचा जातो की काय, हेच तिच्या डोक्यात रात्रंदिवस घोळू लागलं.

शेवटी तिनं चंपतरावांच्या आईला, अंजनाबाईंना, सगळं सांगितलं. म्हातारी पानाला चुना लावत शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "अवं, त्याचं मन त्या पिक्चरमंदी अडकलं असंन. कावळा शिवला कशावर? त्या शेवटावरच ना? तुले ठाऊक आहे शेवट, मंग सांगून टाक त्याले. सुटंन बिचारा. तुह्या नवऱ्याले बी सोडंन."

ताराला हे पटलं. कोणालाही पटलं असतं. इतके महिने आपण एक शेवट पोटात धरून बसलो आणि त्यापायी दोन जीव तळमळताहेत, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला. म्हणूनच त्या शुक्रवारी तिनं बाजारातून आलं आणलं. विश्वनाथला आल्याचा चहा आवडायचा. जाता जाता चांगला चहा द्यावा, एवढाच तिचा हेतू.

रात्र झाली. हवा मुळीच नव्हती. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीत कोंडून राहिला होता. गिरिधरनं दिवा घालवला. पडद्यावर मुंग्या आल्या, त्यांचा तो चर्रर्र आवाज सुरू झाला. तारानं कप नेले. दोन्ही कप दोन हातांनी घेतले. ती उंबऱ्यात येऊन टेकली आणि तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले. टीव्ही विझला. अशी शांतता झाली की चहाचा घोट गिळल्याचा आवाज ऐकू यावा. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

आता नाही तर कधीच नाही, असं तिनं ठरवलं.

"मी सांगते शेवट," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तारा... नको वं," गिरिधर म्हणाला. पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. तहानलेल्या माणसानं पाणी नको म्हणावं तसं ते होतं.

"नाही, सांगतेच. किती दिवस चालायचं हे?" तिनं खुर्च्यांकडे पाहिलं, दिसत काहीच नव्हतं. "तुम्ही दोघं गेल्यावर तो म्हातारा बराच वेळ तसाच बसला. हाक येतच होती... मंग त्यानं कानातला कापूस काढला. एका कानातला, मंग दुसऱ्या कानातला. नीट ऐकलं. आणि हसला. अख्ख्या पिक्चरमंदी तो तेवढाच हसला. कंदील फुंकला... अडसर काढला... आणि गेला बाहेर. भ्याला नाही. मंग नुसता बर्फ दाखवला. त्यावर पावलं उमटलेली, दोघांची. संपलं."

मग एक लांब निःश्वास ऐकू आला, कितीतरी दिवसांचं ओझं उतरल्यासारखा. एक कप फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. वेताची खुर्ची करकरली. कोणीतरी उठलं, तिच्या अगदी जवळून गेलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या. अंगणातून पावलं वाजली. फाटकाची कडी निघाली.

तारा उंबऱ्यावरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सुटला बिचारा. सुटलो आपण. उद्यापासून खुर्ची माळ्यावर टाकायची, नवऱ्याला गरम भाकर करून समोर बसून खाऊ घालायची, अंबाझरीच्या तळ्यावर फिरायला न्यायचं. तिला हसूही येत होतं. डोळे पुसून ती अंधारातच म्हणाली, "गेले ते. आता तरी निजा हो तुम्ही."

खुर्चीतून उत्तर आलं. आवाज हळू होता, आदबीचा, जसा नेहमी असायचा तसा.

"तुमचे लई उपकार झाले, वहिनी... चार महिने मी त्याले चाल म्हणून राहिलो. शेवट ऐकल्याबिगर उठतच नव्हता."

आणि दुसरी खुर्ची सावकाश मागं सरकली.