जेट्टीवरच्या हाका

नागपूरच्या मनीषनगरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भैरवी कुठे आहे, हे पूर्वी कुणाला विचारावं लागत नसे. चार वर्षांची पोर आणि पायांत चूं-चूं वाजणाऱ्या लाल चपला. स्वयंपाकघरात चूं-चूं, बाल्कनीत चूं-चूं. दुपारची जरा झोप लागू द्या म्हणून खालच्या अरुंधतीकाकू दोनदा सांगून गेल्या होत्या. आणि हाक मारली की यायचं असतं, हे तर भैरवीच्या गावीही नव्हतं. तिची आई चारुलता दहा वेळा म्हणे, "भैरवी, जेवायला ये," आणि अकराव्या वेळी उचलून आणी.

अंदमानातून परत आल्यापासून चपला वाजत नव्हत्या.

"पाणी गेलं असेल त्यांच्यात," चारुलताचा नवरा अपूर्व म्हणाला. "बरं झालं. काकू पेढे वाटतील."

ती सहल चारुलताने सगळं नीट वाचून आखली होती. रिसॉर्ट नको, बेटावरच्याच कुणाच्या घरी उतरायचं. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, घरूनच स्टीलच्या न्यायच्या. शिंपला असो नाहीतर पोवळ्याचा तुकडा, तिथलं तिथेच राहू द्यायचं. बोटीत नागपूरचाच एक ग्रुप भेटला, त्यांच्या पिशवीत पोवळी दिसली, तर हिने भर बोटीत त्यांना ती समुद्रात टाकायला लावली. तेवढा वेळ अपूर्व ओळख नसल्यासारखा दुसरीकडे बघत बसला होता.

ज्या मौसीकडे ते उतरले, तिच्या अंगणात पत्र्यावर सहा नियम रंगवलेले होते. पोवळं उचलू नये. गावातून फिरताना अंगभर कपडे घालावेत. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नये. आपला कचरा आपण परत न्यावा. कासवं येतात त्या वाळूत उजेड करू नये. आणि सहावा, पाण्याकडे तोंड करून कुणाला नावाने हाक मारू नये.

तिथल्या बायका पोरांना टाळ्या वाजवून बोलवत. दोन टाळ्या, जरा थांबून एक. दिवस कलला की सगळा किनारा टाळ्यांनी भरून जाई आणि माडांतून पोरं धावत येत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यात भैरवीही, चूं-चूं करत. दहा हाकांना न येणारी पोर टाळीला मात्र यायची. मौसी हसून हसून बेजार.

"नाम क्यों नहीं लेते?" चारुलताने विचारलं होतं.

मौसी मासे साफ करत होती. "पानी में सबका नाम नहीं होता ना, बेटी. जिसका नहीं होता, वो ले लेता है."

चारुलताने ते पाटीच्या फोटोसकट ग्रुपवर टाकलं. 'किती सुंदर लोकसंस्कृती!' त्यावर चाळीस बदाम आले.

निघायच्या सकाळी खाप्याहून आईचा फोन. "चारू, निघताना पोरीले तीनदा हाक मारजो, पाण्याकडं पाहून. नाही तं अर्धं लेकरू तिथंच राह्यते. इसरू नको."

कन्हानच्या काठी वाढलेल्या चारुलताला हे नवं नव्हतं. नदीवरून परतताना आई तिलाही अशीच हाक मारायची आणि घर येईपर्यंत मागे वळून बघू द्यायची नाही. चारुलता एम.एस्सी. झाली होती. असलं काही ती मानत नव्हती. पण दोन दिवसांपूर्वी भैरवी लाटेत पडली होती, नाकातोंडात पाणी गेलं होतं, आणि तेव्हापासून चारुलता रात्री उठून उठून तिचा श्वास ऐकत होती. मौसी बोटीत सामान देत होती. भैरवी तिकडे बॅगांपाशी खेळत होती. हळूच मारलेली हाक कुणाला ऐकू जाणार?

ती जेट्टीच्या टोकाला गेली. "भैरवी, चल घरी." दोनदा. मग तिसऱ्यांदा.

मागून एक ओला हात आला आणि तिच्या बोटांत शिरला.

बोट लगेच सुटली. मौसी हात हलवून निरोप देत होती. हलवता हलवता ती थांबली आणि वळून माडांकडे बघत राहिली. का, ते चारुलताला बोटीतून कळलं नाही.

नागपुरात पारा पंचेचाळिसावर होता. कूलर दिवसभर घरघरत होता आणि भैरवी शहाणी झाली होती. पहिल्या हाकेला येई. ताटातलं सगळं खाई. अपूर्व खूश होता, शाळेच्या ग्रुपवरच्या आया काय केलं म्हणून विचारत होत्या.

"आधी ऐकत नव्हती म्हणून रडायचीस," अपूर्व म्हणाला, "आता ऐकते म्हणून रडतेस. तुझं ना, काही खरं नाही."

एकदा चारुलता आईशी फोनवर बोलत होती, दार लावून, दबक्या आवाजात. बोलण्यात भैरवीचं नाव आलं. वळून बघते तो पाठीशी भैरवी उभी. दार कधी उघडलं? पुढच्या वेळी मोरीत नळ सोडून ती नाव पुटपुटली. नळ बंद केला, तर दाराबाहेरून आवाज, "आले, आई."

कामाला येणाऱ्या प्रयागबाईने एक दिवस पोछा मारता मारता हात थांबवला.

"ताई, पोरीले घाम काहून नाही येऊन राहिला?"

"कूलर आहे ना समोर."

"कूलर तं मलेबी आहे वं बाई. हा माहा पदर पाहा, पिळून घ्या." मग तिने भैरवीकडे एकदा बघितलं, खाली मान घातली आणि पोछा पुढे ओढला. त्या दिवसापासून प्रयागबाई भैरवीचं नाव घेईनाशी झाली.

अकराव्या दिवशी दुपारी भैरवी झोपली होती. चारुलताने बाहेरून कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली आणि वाळत घातलेल्या कुरड्या काढायला गच्चीवर गेली. गच्ची तव्यासारखी तापली होती, सपातांतूनही चटका लागत होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. ती टाकीच्या सावलीला थांबली आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले.

भैरवी.

मागे वळली. भैरवी उन्हात उभी होती, अनवाणी. पाय उचलत नव्हती, नाचत नव्हती.

"काय गं आई?"

चारुलताने तिला उचललं. तळव्यांना हात लागला. माठाच्या बुडासारखे गार, ओलसर.

खाली आली. कुलूप जसंच्या तसं होतं.

तिने भैरवीला वही आणि रंगखडू देऊन जमिनीवर बसवलं आणि मौसीला फोन लावला. मौसीच्या फोनला फक्त जेट्टीवर रेंज यायची. आज लागला. आधी वारा ऐकू आला, मग पाणी, मग मौसी.

"मौसी, मैं नागपूर से. जाते टाइम मैंने..."

"नाम लिया था?"

"हां."

"कितनी बार?"

"तीन."

"तभी," मौसी म्हणाली. "शाम को ताली पर कोई आता है इधर, बेटी. दिखता नहीं." मग आवाज खाली आणून, "बच्ची सामने है?"

"हां."

"ताली बजाओ."

चारुलताने फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. दोन टाळ्या. जरा थांबून एक.

भैरवी रंगवत राहिली. निळा खडू कागदावर एकाच जागी गोल गोल फिरत होता. तिने मान वर केली नाही.

"फिर से. फोन के पास. और सुनो, नाम मत लेना. कुछ भी हो, नाम मत लेना."

दोन टाळ्या. एक.

फोनमध्ये वारा पडला. आणि मग लांबून, जेट्टीच्या फळ्यांवरून, कुणीतरी पळत येऊ लागलं.

चूं-चूं. चूं-चूं. चूं-चूं.

जवळ. आणखी जवळ.

चारुलताने दोन्ही हातांनी फोन उचलून तोंडाशी धरला. तिला राहवलं नाही.

"भैरवी!"

चूं-चूं थांबलं.

फोनमध्ये नुसतं पाणी वाजत होतं. खडू खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मागून एक ओला, गार हात आला आणि तिच्या बोटांत शिरला.

"आले ना, आई."