‘सोड’ म्हणायचं राहिलं

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. ही भर दुपारची आहे. रविवारच्या दुपारची, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली. यातलं काहीही मी ऐकीव सांगत नाही. सगळं माझ्या बाबतीत आणि माझ्या भाचीच्या बाबतीत घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, माझा काही आग्रह नाही.

फक्त घरच्या कुणाला मदतीला घेऊन गाडीचे ब्रेक दुरुस्त करत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

जुन्या गाड्या घरीच दुरुस्त करायचा मला नाद आहे. नोकरीत असताना शाळेच्या कार्यशाळेत मुलांना हत्यारं धरायला शिकवली. निवृत्त झाले तरी हात गप्प बसेनात. मग शेजारची, नात्यातली पोरं रविवारी जमायला लागली. कुणाला प्लग साफ करायचा, कुणाला नुसतंच हातांना काळं फासून घ्यायचं.

त्यात सगळ्यांत पुढे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सहावीतली. घरात तिला ‘खारू’ म्हणतात, कारण एका जागी ती घटकाभर टिकत नाही. सांगितलेलं अर्धं ऐकते, उरलेल्या अर्ध्यावर वाद घालते. मला तिचा तोच गुण आवडायचा.

आवडायचा... असंच म्हणते आता.

ती गाडी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली होती. कितीतरी वर्षं कापडाखाली उभी होती. पत्रा मात्र धडधाकट. मी विचारलं, “गॅरेज कुठलं तुमचं?”

“गॅरेजला कधी नेलीच नाही,” ते म्हणाले. “सगळं घरीच करायचो. दोघं मिळून.”

“दोघं म्हणजे?”

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दाराकडे वळले.

गाडी घरी आली तेव्हा भाऊ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “ताई, ही तर तुझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते.”

“गुडघे बदलून मिळत नाहीत, हिचे भाग मिळतात,” मी म्हटलं.

इंजिन लवकरच सुरू झालं. अडचण ब्रेकची होती. पाय ठेवला की ओल्या स्पंजवर ठेवल्यासारखा आत जायचा. नळ्यांमध्ये हवा शिरली की असं होतं. ती काढायला दोन माणसं लागतात.

पोरांना सांगते तसंच सांगते. एक जण सीटवर बसून ब्रेक दाबतो. दुसरा चाकापाशी आडवा होऊन तिथला छोटा स्क्रू सैल करतो. तेल आणि हवेचे बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू घट्ट केला की पाय उचलायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. एक चाक झालं की पुढचं.

चाकापाशी आडव्या झालेल्याला सीटवरचा दिसत नाही, म्हणून सगळं काम आवाजावर चालतं.

“दाब.”

“दाबला.”

“सोड.”

“सोडला.”

“आणि एक लक्षात ठेव,” मी खारूला बजावलं. “मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. मधेच उचललास की हवा परत आत, आणि आपली मेहनत पाण्यात.”

“आणि तू म्हणायला विसरलीस तर?”

“मी कशी विसरेन?”

“चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस, आत्या.”

बॅटरी मी काढून चार्जिंगसाठी घरात ठेवली होती. गाडीची मागची बाजू जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड लावले, माझ्या बाजूचं मागचं चाक काढलं आणि सतरंजीवर आडवी झाले.

सुरुवातीला नुसता गोंधळ. खारू ‘दाबला’ म्हणायची आणि लगेच पाय उचलायची. मधेच हॉर्न वाजवून बघायची, तो वाजत नाही म्हणून कुरकुरायची. “आत्या, पाय दुखतोय.” “आत्या, इथे कोळ्याचं जाळं आहे.” “आत्या, मी मोठी झाल्यावर ही गाडी माझी ना?”

मी ‘हं, हं’ करत होते. डोळे त्या स्क्रूवर.

मग हळूहळू काम जमायला लागलं.

“दाब.”

“दाबला.”

“सोड.”

“सोडला.”

बडबड थांबली होती. ‘पाय दुखतोय’ नाही, कोळी नाही. मी सांगायचे आणि पुढच्या क्षणी उत्तर यायचं. दाबही एकसारखा, सावकाश, जाणत्या माणसासारखा. बुडबुडे भराभर बाहेर येत होते. मला इतका आनंद झाला... शिकवणाऱ्याला अशा वेळी होतो तसा.

“शाब्बास गं खारू!”



काम सोडून दुसऱ्या कशालाच उत्तर येत नव्हतं.

मला जरा चमत्कारिक वाटलं. त्या सीटच्या स्प्रिंगा फार कुरकुरत. खारू नुसती हलली तरी वाजायच्या. आता किती तरी वेळ एकही आवाज झाला नव्हता.

“थकलीस का गं?”

मी जरा वाट पाहिली, मग म्हटलं,

“बरं, दाब.”

“दाबला.”

मी स्क्रूला पाना लावला. तेवढ्यात शेडच्या दाराशी चपला वाजल्या. गाडीखालून मला दोन पाय दिसले. निळ्या पट्ट्यांच्या चपला, घोट्याला खरचटल्याची खूण.

“आत्या, पाणी आणलंय. अर्धं वाटेत सांडलं.”

खारू दारात उभी होती.

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

“तू... कधी गेलीस?”

“मघाशीच! सांगून तर गेले. तू ‘हं’ म्हणालीस.” ती खाली वाकली, माझ्याकडे बघत म्हणाली, “तू कुणाशी बोलतेयस एवढा वेळ?”

आणि गाडीतून आवाज आला.

“दाबला, आत्या.”

खारूचा आवाज. हुबेहूब. पण खारू माझ्या डोळ्यांसमोर तोंड मिटून वाकलेली होती.

तिच्या हातातला पेला पडला. तो गडगडत माझ्या कोपरापाशी आला तेव्हा मला दिसलं... माझा हात लाल दिसत होता. वर बघितलं. ब्रेकचा मागचा दिवा लागला होता.

बॅटरी घरात होती.

मी कशी उठले ठाऊक नाही. पोरीचा हात धरला आणि पळत सुटले. मागे वळून पाहिलं नाही.

भाऊ आधी हसला. मग माझा चेहरा बघून एकटाच शेडमध्ये गेला. परत आला तो हात पुसत. “आत कुणी नाही, ताई. दिवाही बंद आहे. ब्रेक तेवढा तळाला जाऊन जाम झालाय. दोन्ही हातांनी ओढला, वर येत नाही.”

पुढची चाकंही हलेनात. मी म्हटलं, असेल काही बिघाड. स्वतःची समजूत घालायला माणूस काहीही म्हणतो. शेडला कुलूप लावलं.

त्याच संध्याकाळी खारूचा उजवा पाय आखडला.

गुडघ्यात वाकेना. पाऊल पुढे ताणलेलं, बोटं खाली वळलेली. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलाय, गोळ्या घ्या, शेक द्या. सगळं केलं. पाय तसाच. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे फोटो काढले, तपासण्या केल्या. “काहीच दोष नाही,” म्हणाले.

दोष नाही, पण पोर झिजत चालली. जेवण सुटलं. झोपेतही मांडी थरथरायची, जड वस्तू फार वेळ धरून ठेवल्यावर आपला हात थरथरतो ना, तशी. एकदा मी तिचा पाय चेपत बसले होते. ती छताकडे बघत म्हणाली,

“आत्या, पाय फार थकलाय गं. पण उचलता येत नाही.”

“का येत नाही, सोन्या?”

“माहीत नाही. उचलायचा नाहीये.”

माझेच शब्द होते ते.

मी बाहेर जाऊन त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन लावला. नाव सांगितलं, गाडीचं सांगितलं. म्हटलं, “ब्रेकचं काम काढलं होतं...”



त्यांनी मधेच विचारलं, “शेवटी ‘सोड’ म्हणालात ना?”

मी शेडच्या कुलपाकडे बघितलं.

“बाई, म्हणालात ना?”

“नाही... आम्ही पळालो.”

“अरे देवा,” ते म्हणाले. “ते थांबतं हो. सांगेपर्यंत थांबतं. जा तुम्ही. आत्ताच्या आत्ता जा.”

“पण कोण आहे ते?”

फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

ऊन होतं. अंगणात शेजारणीचे कपडे वाळत होते, कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. मी कुलूप काढलं. शेडमध्ये तेलाचा वास कोंडला होता. पाना पडल्या जागी होता, पेलाही.

आणि मागचा दिवा... लागलेला होता.

सीटकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी नेहमीच्या जागी, सतरंजीवर आडवी झाले. का, ते सांगता येणार नाही. ते शब्द तिथूनच म्हणायचे असतात, एवढंच डोक्यात होतं.

 पहिल्यांदा तोंडातून नुसता श्वास बाहेर आला.

“सोड.”

काहीच झालं नाही.

मी रडत म्हटलं, “सोड रे बाळा. झालं काम. सोड.”

सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या... हळूच, वजन मागे सरकल्यासारख्या. आतून ब्रेक वर आल्याचा खट्‌ आवाज झाला. दिवा विझला.

“सोडला.”

आवाज खारूचाच, पण इतका दमलेला... मला क्षणभर भीतीपेक्षा कीव आली.

मी उठायला हात टेकला. तेवढ्यात माझ्या डोक्याच्या अगदी जवळून, गाडीच्या पत्र्याच्या पलीकडून, उत्सुकतेनं विचारल्यासारखं,

“आता पुढचं चाक?”

मी घरापर्यंत धापा टाकत आले. आत गलका चालला होता. भाऊ दारातच भेटला. डोळे भरलेले, ओठांवर हसू. “ताई, सुटला! पाय सुटला! आत्ता, बसल्या बसल्या!”

खारू पलंगावर मांडी घालून बसली होती. हातात दुधाचा कप. चेहऱ्यावर रंग आला होता. मी तिला छातीशी धरलं, तिचे केस कुरवाळले. तिच्या अंगाला नेहमीचा साबणाचा वास होता.

ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली,

“आत्या, आता पुढचं चाक?”

घरातल्यांना वाटलं, पोर बरी होताच पुन्हा कामाला लागायचं म्हणतेय. सगळे कौतुकानं हसले. मीही हसले.

गाडी भंगारवाल्यानं नेली. ढकलताना चाकं अशी गरगर फिरली, जणू कधी अडलीच नव्हती. ती आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

खारू ठणठणीत आहे. धावते, खेळते, शाळेत जाते. शाळेतल्या बाई म्हणतात, इतकी ऐकणारी मुलगी वर्गात दुसरी नाही. भावाला तर आकाश ठेंगणं झालंय. “आजारपणानं सुधारली बघ, ताई. एकदा सांगितलं की पुरतं.”

ती आता माझ्याशी वाद घालत नाही. ‘का’ विचारत नाही. काम सांगितलं की करते, ‘झालं’ म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबते.

परवा गच्चीवर कपड्यांची दोरी बांधत होते. दोरी वजन पेलते का ते बघायला तिला भरलेली बालदी लावली होती. खारूच्या हातात टोक दिलं, म्हटलं, “घट्ट धर हं.” खाली फोन वाजला. मैत्रिणीचा होता, गप्पांत रमले. मग भाजी निवडायला बसले. ऊन उतरलं तेव्हा आठवलं.

धावत वर गेले. खारू तिथेच उभी होती. बालदी लटकलेली. दोरी तळव्यात रुतून रक्त आलं होतं, बोटं निळी पडली होती. ती हसत होती.

“धरलीय, आत्या.”

“सोड! सोड गं राणी!”

“सोडली,” ती म्हणाली, आणि पुढचं ऐकायला उभी राहिली.

तिचा हात मी धुतला, पट्टी बांधली. घरात सांगितलं, खेळताना लागलं. आता मी तिला कुठलंच काम सांगत नाही. पण ती येते. रोज शाळा सुटली की येते, माझ्या खुर्चीशेजारी बसते. माझं वय झालंय, बोलता बोलता शब्द विसरते. रात्री अंग टाकलं की एकच विचार येतो...

कधीतरी चुकून तोंडातून ‘थांब’ निघून जाईल. आणि मग तिला ‘ये’ म्हणायला मी नसेन.